लांबच्या सर्व्हरला एसएसएचनं कसं जोडायचं, आणि स्वतःलाच बाहेर कसं कोंडून घ्यायचं नाही

मार्च महिना, मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात, आणि मी सांगलीत विश्रामबागला घरी रात्री जेवण झाल्यावर एका अडत दुकानाच्या सर्व्हरवरचं पासवर्ड लॉगिन बंद केलं, खिडकी बंद केली आणि झोपलो. सकाळी साडेनऊला शेठचा फोन, "दादा, बिलं निघंनात की ओ, बाहेर गाड्या थांबल्यात." म्हटलं सर्व्हिस अडकली असणार, रिस्टार्ट मारतो, दोन मिनिटाचं काम. कनेक्ट करायला गेलो तर 'परमिशन डिनाईड'. परत केलं, परत तेच. पासवर्ड तर मीच बंद केलेला आणि चावी (पासवर्डऐवजी पीसीवर ठेवायची फाईल) चालेना, म्हणजे घराला कुलूप लावून चावी आतच ठेवून आल्यासारखं. चूक काय झालती ते पुढे येईलच, पण तेव्हापासून जो कोण मला विचारतो की घरच्या पीसीवरून सर्व्हरला सेफ कनेक्ट कसं व्हायचं, त्याला मी सगळं पहिल्यापासून सांगतो. तेच इथे लिहितोय. कमांडची नावं वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहिलेत, टाईप करताना अर्थात इंग्रजीत आणि सगळी अक्षरं स्मॉल, जिथं कॅपिटल लागतं तिथं तसं सांगतो.

थोडं मागचं, पटकन. एसएसएच (लांबच्या मशीनवर सुरक्षित शिरून कमांड चालवायचा प्रोग्राम) १९९५ साली फिनलंडमधल्या तातू युलोनेन यांनी लिहिलं, त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कुणीतरी जाता-येता पासवर्ड चोरत होतं म्हणून. त्याआधी लोक टेलनेट वापरायचे, त्यात पासवर्ड उघडाच तारेतून जायचा. टेलनेटचा पोर्ट (मशीनवरच्या दाराचा नंबर) २३, फायली पाठवायच्या एफटीपीचा २१, मधला २२ मोकळा होता तो यांनी मागून घेतला. आज जवळपास सगळे जे वापरतात ते ओपनएसएसएच, १९९९ पासूनचं, फुकट.

पीसीवर काय लागतं

विंडोज १० किंवा ११ असेल तर वेगळं काही डाऊनलोड करायची गरज नाही, २०१८ च्या १८०९ अपडेटपासून ओपनएसएसएचचा क्लायंट विंडोजमध्ये आतच येतो. पॉवरशेल उघडा, एसएसएच एवढंच टाईप करून एंटर मारा, वापरायची पद्धत दाखवणाऱ्या चार ओळी आल्या की झालं. नाही आल्या तर सेटिंगमध्ये ऑप्शनल फीचर्स शोधून ओपनएसएसएच क्लायंट टाका. लिनक्स आणि मॅकवाल्यांना तर काहीच करायचं नाही.

पटी (विंडोजवर एसएसएचनं जोडायचा जुना प्रोग्राम, इंग्रजीत PuTTY) वापरायची सवय असेल तर वापरा, मीपण बरीच वर्षं तेच वापरलं, फक्त दोन गोष्टी बघा. एक, डाऊनलोड खऱ्या साईटवरूनच करा, सर्चमध्ये वर जाहिरातीत जी दिसते ती नव्हे, पटीच्या नावानं व्हायरस घातलेल्या फायली फिरतात. दोन, व्हर्जन ०.८१ च्या आधीचं असेल तर आजच बदला. २०२४ च्या एप्रिलमध्ये कळलं की ०.६८ पासून ०.८० पर्यंतच्या पटीत पी-५२१ प्रकारची चावी वापरली असेल तर त्या चावीनं केलेल्या काही डिजिटल सह्या गोळा करून अख्खी चावी परत काढता येते. तशी चावी असेल तर नुसतं अपडेट करून भागत नाही, ती चावीच फेकून द्यायची आणि सर्व्हरवरूनपण काढायची.

पहिल्यांदा कनेक्ट करताना

कमांड साधी आहे: एसएसएच, स्पेस, युजरनेम, ॲट, सर्व्हरचा आयपी. युजरनेम कुठलं ते सर्व्हर कुठे घेतलाय त्यावर आहे, ॲमेझॉनवर उबुंटू घेतलं तर युजर उबुंटूच असतो, ॲमेझॉन लिनक्स घेतलं तर ईसीटू-युजर, बाकी बऱ्याच ठिकाणी रूट (सगळे अधिकार असलेला मुख्य युजर) देतात. निम्म्या लोकांचं कनेक्शन इथंच अडतं आणि ते पासवर्डला शिव्या घालत बसतात.

एंटर मारल्यावर एक प्रश्न येतो की या होस्टची (म्हणजे सर्व्हरची) खात्री करता येत नाही, फिंगरप्रिंट (त्याच्या ओळखीचा छोटा कोड) असं असं आहे, पुढं जाऊ का. आपण सगळे तिथं डोळे झाकून यस लिहितो. आता विचार करा, यार्डात नवा माणूस आला आणि म्हणाला मी अमक्या पेढीचा, तर आपण लगेच उधारीवर पोती देतो का? कुणाला तरी फोन करून विचारतो. इथंपण तेच. पासवर्ड, चावी हे सगळं सर्व्हरनं आपल्याला ओळखायला, पण समोरचा सर्व्हर आपलाच आहे का हे आपण ओळखायची जागा ही एकच. क्लाऊड कंपनीच्या पॅनलमध्ये ब्राऊझरमधून उघडणारा कन्सोल असतो, त्यात लॉगिन करून एसएसएच-कीजेन डॅश एल डॅश एफ आणि पुढे ईटीसी फोल्डरमधल्या एसएसएच फोल्डरातल्या होस्टच्या पब्लिक कीचा पाथ दिला की खरा फिंगरप्रिंट दिसतो. आपल्याला प्रश्नात ज्या प्रकारच्या कीचा दाखवलाय, बहुतेक ईडी२५५१९, त्याच प्रकारची फाईल घ्या, नाहीतर दोन्ही बरोबर असूनपण जुळणार नाहीत. तो कॉपी करा आणि यस लिहायच्या जागी सरळ तोच पेस्ट करा. नव्या ओपनएसएसएचमध्ये हे चालतं, जुळला तर आत घेतं, नाही जुळला तर परत विचारतं. आपल्याला चाळीस अक्षरं डोळ्यानं ताडून बघायची गरजच नाही.

एकदा हो म्हटलं की ते नोन-होस्ट्स नावाच्या फायलीत साठवलं जातं. पुढे कधी मोठ्या अक्षरात वॉर्निंग आली की होस्टची ओळख बदललीय, तर आधी आठवा, सर्व्हर परत नव्याने टाकला का, आयपी बदलला का? तसं असेल तर एसएसएच-कीजेन डॅश कॅपिटल आर आणि आयपी देऊन जुनी नोंद काढा आणि वरची तपासणी परत करा. तसं काहीच नसेल तर हात बाजूला घ्या, आणि हॉटेलच्या किंवा एसटी स्टँडच्या वायफायवर असाल तर अजिबातच पुढं जाऊ नका.

आणि हो, पासवर्ड टाईप करताना स्क्रीनवर काहीच दिसत नाही, तारेपण येत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, ते तसंच असतं.

चावी

'की' म्हटलं की मराठीत घोळ होतो की नाही, बघा, म्हणून मी चावी आणि कुलूप म्हणतो. प्रायव्हेट की म्हणजे चावी, ती आपल्या पीसीवर. पब्लिक की म्हणजे कुलूप, ते पाहिजे तेवढ्या सर्व्हरांना लावा, कुणी बघितलं तरी फरक पडत नाही.

पॉवरशेलमध्ये एसएसएच-कीजेन डॅश टी ईडी२५५१९, पुढे डॅश कॅपिटल सी आणि अवतरणात एक नाव, उदाहरणार्थ घरचा-पीसी. हे नाव लोक देत नाहीत आणि नंतर पस्तावतात, का ते शेवटी. फाईल कुठे ठेवू विचारेल, एंटर मारा. मग पासफ्रेज (चावीलाच लावायचा लांब पासवर्ड) विचारेल, इथं मात्र रिकामा एंटर मारू नका. पासफ्रेज नसली तर तुमचा पीसी ज्याच्या हातात त्याच्या हातात सर्व्हर. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरात लिहा, भडंग, तराजू, पाऊस असलं काहीतरी, पण हेच नका वापरू आता. दर वेळी टाईप करायचा कंटाळा येत असेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ओपनएसएसएच ऑथेंटिकेशन एजंट म्हणून एक सर्व्हिस बंद पडलेली असते, ती ऑटोमॅटिक करून चालू करा आणि एसएसएच-ॲड ही कमांड एकदा मारा.

आता युजर फोल्डरात डॉट एसएसएच नावाचं फोल्डर होतं आणि त्यात दोन फायली. ज्याच्या शेवटी पब आहे ते कुलूप. त्यावर डबल क्लिक केलं तर विंडोजला वाटतं ही पब्लिशर नावाच्या सॉफ्टवेअरची फाईल आहे आणि ते भलतंच काहीतरी उघडायला बघतं. राईट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडा. आत एकच लांब ओळ असते. ती पूर्ण कॉपी करा, पासवर्डनं सर्व्हरमध्ये शिरा, होममध्ये डॉट एसएसएच फोल्डर करा, त्यात ऑथराईज्ड-कीज नावाची फाईल (मध्ये अंडरस्कोअर, डॅश नव्हे) आणि तिच्यात ही ओळ एका ओळीतच पेस्ट करा. फोल्डरला चमॉड (कुणाला काय परवानगी ते ठरवायची कमांड) ७००, फायलीला ६००. परवानग्या सैल असल्या तर सर्व्हर काही न बोलता चावी नाकारतो, तोंडावर सांगतपण नाही. लिनक्सवाल्यांना हे सगळं एसएसएच-कॉपी-आयडी या एका कमांडीत होतं, विंडोजमध्ये ती येत नाही.

माझी चूक इथंच झालती. मी चावी पटीजेनमध्ये (पटीबरोबरचा चावी बनवायचा प्रोग्राम) बनवली आणि 'सेव्ह पब्लिक की' हे बटण दाबून जी फाईल आली ती सर्व्हरवर चिकटवली. त्या बटणानं वेगळ्याच पद्धतीची, वरखाली बिगिन-एंड लिहिलेली चार-पाच ओळींची फाईल होते, आणि ओपनएसएसएचला ती ऑथराईज्ड-कीजमध्ये कळतच नाही. खरी ओळ पटीजेनच्या खिडकीत वरच्या चौकटीत असते, तिथून कॉपी करायची. मी ते न करता, चावी चालते का हे न बघता पासवर्ड बंद केला. शेवटी ब्राऊझरच्या कन्सोलमधून शिरलो म्हणून वाचलो, तोवर अकरा वाजलेले आणि शेठनं बिलं हातानं लिहायला घेतलेली.

पासवर्ड बंद करायचा, पण या क्रमानं

पासवर्ड का बंद करायचा असं वाटत असेल तर नवा सर्व्हर चालू करा, चहा पिऊन या आणि सुडो लास्टबी मारा (सुडो म्हणजे पुढची कमांड रूटच्या अधिकारानं चालवायची). जगभरातून कोण कोण रूट, ॲडमिन, टेस्ट अशा नावांनी दार वाजवून गेलंय त्याची यादी दिसेल. ती माणसं नव्हेत, बॉट आहेत, त्यांना तुमच्याशी वैर नाही, ते सगळ्यांचीच दारं वाजवतात.

आधी रूट सोडून आपला एक युजर करा, त्याला सुडो द्या, त्याच्या होममध्ये कुलूप लावा. मग पहिली खिडकी उघडीच ठेवून दुसरी पॉवरशेल उघडा आणि नव्या युजरनं चावीवर शिरा. शिरलात? सुडो चालतंय? मगच पुढं. ईटीसीमधल्या एसएसएच फोल्डरात एसएसएचडी-कॉन्फिग फाईल, मधे अंडरस्कोअर. त्यात पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो, केबीडी-इंटरॅक्टिव्ह-ऑथेंटिकेशन नो, परमिट-रूट-लॉगिन नो (फायलीत ही नावं जोडून असतात, मधे डॅश नाही). सेव्ह केल्यावर सुडो एसएसएचडी डॅश टी, हे फायलीत चूक आहे का ते सांगतं, काहीच आलं नाही म्हणजे बरोबर. मग सुडो सिस्टमसीटीएल रीलोड एसएसएच, रेड हॅटच्या घरातलं लिनक्स असेल तर शेवटी एसएसएचडी. रीलोडनं आधीची उघडी खिडकी तुटत नाही, सगळा डाव त्याच्यावरच आहे. आता तिसरी खिडकी उघडून शिरून बघा. ती उघडल्याशिवाय पहिलीला हात लावायचा नाही, लाईट जाणार असेल तर हे काम त्या दिवशी करायचंच नाही.

उबुंटूमध्ये एक फसवाफसवी आहे. बऱ्याच क्लाऊड इमेजमध्ये एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी म्हणून बाजूला एक फोल्डर असतं, त्यात क्लाऊड-इनिटची (नव्या सर्व्हरची पहिली सेटिंग करणारा प्रोग्राम) ५० नंबरवाली फाईल असते आणि तिच्यात पासवर्ड यस लिहिलेलं असू शकतं. एसएसएचला एकच गोष्ट दोनदा दिसली तर पहिली जी दिसली ती तो धरतो, आणि हे फोल्डर मुख्य फायलीच्या सुरुवातीलाच वाचलं जातं. म्हणजे तुम्ही खाली नो लिहून निवांत आणि दार मात्र उघडंच. म्हणून शेवटी सुडो एसएसएचडी डॅश कॅपिटल टी मारून त्यात पासवर्ड-ऑथेंटिकेशनची ओळ शोधा, तो जे दाखवेल ते खरं.

फायरवॉल लावायची असेल तर (उबुंटूत तिची कमांड यूएफडब्ल्यू) यूएफडब्ल्यू अलाव ओपनएसएसएच आधी, यूएफडब्ल्यू एनेबल नंतर. उलटं केलं तर परत ब्राऊझरचा कन्सोल आहेच. पोर्ट २२ बदलून दुसरा ठेवावा का असं सगळे विचारतात. लॉगमधला गोंगाट कमी होतो, सुरक्षा फारशी वाढत नाही, मी बदलत नाही. त्यापेक्षा अपडेट वेळेवर करा, २०२४ च्या जुलैमध्ये ओपनएसएसएचच्या सर्व्हरमध्येच लॉगिन न करता आत शिरता येईल असं भोक सापडलं होतं, तिथं पोर्ट कुठला ठेवलाय यानं काय होणार.

रोजच्या वापराला

आयपी पाठ करत बसू नका. आपल्या पीसीवरच्या डॉट एसएसएच फोल्डरात कॉन्फिग नावाची फाईल करा, पहिल्या ओळीत होस्ट हळद, खाली होस्टनेम आणि आयपी, मग युजर आणि नाव, आणि सर्व्हर-अलाईव्ह-इंटरव्हल ६०, हेपण जोडूनच लिहायचं. मग नुसतं एसएसएच हळद म्हटलं की आत. नोटपॅड इथं हटकून दगा देतो, नावाला शेपूट लावून कॉन्फिग डॉट टीएक्सटी करून ठेवतो आणि एक्सप्लोररमध्ये ते शेपूट दिसतपण नाही. सेव्ह करताना खाली ऑल फाईल्स निवडा. ती ६० ची ओळ दर मिनिटाला सर्व्हरला एक हाक मारते, त्यामुळं जरा वेळ टाईप केलं नाही की खिडकी गोठून बसते तो त्रास जातो.

लांब चालणारं काम असेल, बॅकअप वगैरे, तर आधी टीमक्स चालू करा आणि त्यात काम लावा. आपल्याकडं पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, पीसी बंद पडला तरी काम सर्व्हरवर चालू राहतं, परत शिरून टीमक्स अटॅच केलं की जिथं होतं तिथं. फायली पाठवायला एससीपी, किंवा माऊसनं ओढून टाकायच्या असतील तर विनएससीपी. एससीपीला पोर्ट द्यायचा तर पी कॅपिटल, एसएसएचला स्मॉल, असं का केलंय देव जाणे.

अडलं तर मेसेज नीट वाचा, बहुतेक वेळा तीनच प्रकार असतात. टाईम आऊट आला तर तुमची हाक पोचलीच नाही, आयपी चुकला, मशीन बंद आहे किंवा फायरवॉल मधे आहे. कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे घर सापडलं पण त्या पोर्टवर कुणी बसलेलं नाही. परमिशन डिनाईड म्हणजे दारात पोचलात, युजरनेम नाहीतर चावी चुकतीय, मग एसएसएच डॅश व्ही लावून बघा कुठली चावी दाखवली जातीय ते.

दुकानातल्या विंडोज पीसीला घरून जोडायचं असेल तर

हा प्रश्न सांगली-मिरजेत मला सर्व्हरपेक्षा जास्त येतो. दुकानात टॅली आहे, रात्री घरून बघायचं आहे, मग कुणीतरी राऊटरमध्ये ३३८९ पोर्ट उघडून रिमोट डेस्कटॉप चालू करून देतो. कृपा करून हे करू नका. तो पोर्ट उघडा ठेवून पासवर्ड दुकानाच्या नावाचा असेल तर कुणीतरी शिरून सगळ्या फायलींना कुलूप लावून पैसे मागणार, आज नाहीतर पुढच्या महिन्यात.

त्यापेक्षा वरचा सर्व्हर मधे घ्या. दुकानाच्या पीसीवरून एसएसएच डॅश कॅपिटल आर १३३८९ कोलन लोकलहोस्ट कोलन ३३८९ आणि सर्व्हरचं नाव. घरच्या पीसीवरून एसएसएच डॅश कॅपिटल एल १३३८९ कोलन लोकलहोस्ट कोलन १३३८९ आणि तोच सर्व्हर. मग घरी रिमोट डेस्कटॉप उघडून त्यात लोकलहोस्ट कोलन १३३८९ टाका. दुकानातून सर्व्हरपर्यंत एक बोगदा, सर्व्हरपासून घरापर्यंत दुसरा, आणि राऊटरमध्ये काहीही उघडायचं नाही. बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडं आपल्याला स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही (राऊटरमध्ये वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर समजा तेच आहे), तिथंपण हे चालतं कारण बोगदा आतून बाहेर खणलेला असतो. दुकानात विंडोज होम असेल तर मात्र रिमोट डेस्कटॉपनं बाहेरून घेत नाही, प्रो लागतं. आणि एवढं सगळं रोज करायचा कंटाळा असेल तर टेलस्केल (आपल्या मशीनना आपसात खासगी नेटवर्कनं जोडणारं ॲप) टाका दोन्हीकडं, मी माझ्या मामांच्या दुकानात तेच टाकलंय, त्यांना कमांड शिकवण्यापेक्षा ते सोपं गेलं.

किती चाव्या, कुणाकडं

ऑगस्ट २०१९ च्या पुरात एका ओळखीच्या पेढीचा सीपीयू दोन दिवस पाण्याखाली होता. सर्व्हर क्लाऊडवर, धडधाकट, सगळा हिशोब त्यात सुखरूप, पण शिरायची एकमेव चावी त्या सीपीयूच्या हार्डडिस्कवर. पॅनलचा पासवर्ड ज्या वहीत लिहिलेला ती वहीपण भिजलेली. तेव्हापासून मी प्रत्येक सर्व्हरला निदान दोन वेगळ्या मशीनची कुलुपं लावतो आणि पॅनलचं लॉगिन घरातल्या अजून एकाला माहीत असतं. एकच चावी पेनड्राईव्हनं सगळीकडं कॉपी करत फिरू नका, प्रत्येक पीसीला वेगळी करा. चावी व्हॉट्सॲपवर तर कधीच नाही, कुलूप पाठवा, चावी नाही.

वेगळ्या चाव्यांचा फायदा कळतो तो माणूस काम सोडून गेल्यावर. ऑथराईज्ड-कीज उघडायची, प्रत्येक ओळीच्या शेवटी ते डॅश सीनं दिलेलं नाव असतं, त्याची ओळ काढायची आणि सेव्ह. नावं दिली नसतील तर एकसारख्या दिसणाऱ्या सहा ओळींतली कुठली कुणाची हे ओळखत बसा. ओळ काढली तरी त्याची आधीची उघडी खिडकी तशीच चालू राहते, म्हणून लगेच हू ही कमांड मारून आत कोण कोण बसलंय ते बघा आणि तो दिसला तर त्याचं सेशन किल करा.